यंत्राच्या तोंडची मराठी

आष्ट्याच्या एका हायस्कुलात माया बनसोडे ग्रंथपाल म्हणून लागल्या, तेव्हा तिथं ग्रंथालय असं काही नव्हतंच. प्रयोगशाळेच्या मागं एक लांबट खोली होती. तिच्यात मोडकी बाकं, चार लोखंडी कपाटं आणि कपाटांना कुलपं. पुस्तक हवं असेल तर मुलानं वर्गशिक्षकांची चिठ्ठी आणायची. मायाबाईंनी पहिल्याच वर्षी कपाटांची दारं काढवली, सुताराकडून उघड्या मांडण्या करून घेतल्या आणि मुलांना सांगितलं, "हात लावा, चाळा, नाही आवडलं तर ठेवून द्या. फक्त जिथनं काढलं तिथंच ठेवा."

त्या मूळच्या कुंडलच्या. वडलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर, चांगले बाप्ये झाल्यावर, पाटीवर अक्षरं गिरवली. जोडाक्षरं त्यांना शेवटपर्यंत नीट जमली नाहीत. माया तिसरीत गेल्यापासून संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची आणि सगळी गल्ली ऐकायची. अवघड जोडाक्षर तिनं न अडखळता म्हटलं की वडील मान डोलवायचे. पुढं लग्न झालं, आष्ट्याला बिऱ्हाड झालं, नोकरी लागली. पण मोठ्यानं वाचायची सवय गेली नाही. वाचनाच्या तासाला पाचवीची मुलं भुईवर बसायची आणि बाई वाचून दाखवायच्या.

डोळ्यांचं लक्षात आलं ते फार हळू. आधी तिन्हीसांजेला पायरी चुकायला लागली. मग बाजूनं चाललेलं माणूस दिसेना. समोर धरलेलं पान दिसायचं, पण पान धरलेला स्वतःचा अंगठा दिसायचा नाही. नवरा सोपान वीज मंडळात वायरमन होते. ते रजा काढून त्यांना मिरजेला घेऊन गेले. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं.

"डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे," ते म्हणाले. "चष्म्यानं किंवा ऑपरेशननं हा सुधारत नाही. कडेनं दिसायचं कमी होत होत आत येतं."

"वाचता येईल ना?" मायाबाईंनी विचारलं.

"अजून काही दिवस येईल."

परतीच्या एसटीत, तुंग गाव मागं पडल्यावर, सोपान खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शाळंत सांगू नगंस एवढ्यात."

त्यांनी सांगितलं नाही. खोलीतली प्रत्येक मांडणी त्यांच्या हाताला पाठ होती. डावीकडं गोष्टी, मग चरित्रं, खिडकीखाली विज्ञान, शेवटी भिंतीला लागून जुने अंक. शिक्का मारायच्या वेळी त्या रजिस्टर उन्हाच्या पट्ट्यात ओढून घ्यायच्या. बाजूनं कुणी नमस्कार केला तर कळायचं नाही. मुलं म्हणायला लागली, लायब्ररीच्या बाई हल्ली ओळख दाखवत नाहीत. हे त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं आणि थोडं हायसंही वाटलं. तुसडी म्हणोत, पण खरं कळू नये.

असं दीड वर्ष गेलं. नव्याण्णवच्या जानेवारीत एके दिवशी शाळा सुटली. मायाबाई नेहमीप्रमाणं दारात उभ्या राहिल्या, "कोण आहे का आत?" म्हणून हाक मारली, डोळ्यांना दिसत होतं तेवढ्यातून खोलीवर नजर फिरवली, कुलूप लावलं आणि घरी गेल्या.

आत सहावीतली स्वप्नाली होती. शेवटची मांडणी आणि भिंत यांच्यामधल्या जागेत ती वाचत बसली होती. अंगात कणकण असल्यामुळं बसल्या जागी झोपून गेली होती. तिचा बाप धुळा कोळेकर जतकडून मेंढरं घेऊन यायचा, तो आता आष्ट्याच्या शिवेवर घर करून राहिला होता. पोरगी घरी आली नाही म्हणून त्यानं सगळं गाव पालथं घातलं. शेवटी तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, ती लायब्ररीत गेली होती. शिपाई शालूबाईंनी दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. स्वप्नाली दाराला चिकटून बसलेली होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.

मायाबाईंना बोलावणं गेलं. सोपानच्या सायकलवरून त्या आल्या तेव्हा मुख्याध्यापक नानासो मोहिते, शालूबाई, धुळा आणि पोरगी असे सगळे व्हरांड्यातल्या बल्बखाली उभे होते.

"आवं बाई," धुळा म्हणाला, "माझी पोर काय सुई हाय का? येवडी धडधाकट पोर तुमाला दिसली न्हाई?"

मोहिते सर मध्ये पडले. "हे बघा, मुलगी मांडणीच्या आड बसली असणार. घाईत बाईंच्या लक्षात आलं नसेल. मुलांनीही जरा—"

"सर," मायाबाई म्हणाल्या, "तिची चूक नाही. मला दिसत नाही."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी पुन्हा सांगितलं, आजार काय, डॉक्टर काय म्हणाले. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. सोपान मागं सायकल धरून खाली मान घालून उभे होते.

"कवापास्नं?" धुळानं विचारलं.

"दीड वर्ष."

"आन् कुनाला बोलला न्हाई तुमी?"

"नाही."

पोरीला खांद्यावर घेऊन धुळा फाटकातून निघून गेला. माफ केलं असंही तो बोलला नाही आणि मायाबाईंनीही तशी अपेक्षा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मोहिते सरांनी त्यांना खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. मोहिते सर वाईट माणूस नव्हते. मांडण्यांसाठी लाकूड त्यांनीच मिळवून दिलं होतं.

"बाई, तुमच्या कामाबद्दल मला कुणी सांगायला नको," ते म्हणाले. "पण काल मला अन्न गेलं नाही. त्या खोलीत वायर जळाली असती तर? पोरीला ताप चढून काही झालं असतं तर? मी त्या माणसाला काय तोंड दाखवलं असतं?"

हाच विचार मायाबाईंनीही केला होता. सरांनी आधी वैद्यकीय रजा आणि मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज असं सुचवलं. मायाबाईंनी रजेचा अर्ज दिला आणि कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

घरी त्यांना वेळ खायला उठायचा. उन्हात बसून वर्तमानपत्रातलं एकेक अक्षर शोधत मथळा वाचायचा प्रयत्न त्यांनी काही दिवस केला. शेवटच्या शब्दापर्यंत पोचेतो पहिला शब्द निसटायचा. मग त्यांनी तेही सोडलं. सोपान कामावरून येत तेव्हा त्या मांडीवर एखादं मिटलेलं पुस्तक घेऊन बसलेल्या असत. सोपान त्याबद्दल काही विचारत नसत. चहा टाकत.

शाळेत अमृत बंडगर नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. तेही जतकडचेच, मेंढपाळाच्या घरातले. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक कॉम्प्युटर दिला होता. बाकी कुणी हात लावायला तयार नव्हतं, म्हणून तो बंडगर सरांच्या गळ्यात पडला. एरवी तो मुख्याध्यापकांच्या शेजारच्या खोलीत कापडाखाली झाकलेला असायचा आणि खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं. बंडगर सर मात्र शनिवारी दुपारी शाळा सुटली की सांगलीला जायचे. तिथं नवीन इंटरनेट कॅफे निघाला होता. फोनची लाइन लागेपर्यंत खरखर ऐकत बसायचं आणि मग एकेक पान वरून खाली उमटताना बघायचं. वर्गात दाखवण्यासारखे प्रयोग, नकाशे, ग्रहांचे फोटो असं काहीबाही ते उतरवून आणत.

आदल्या दिवाळीत मायाबाईंनीच त्यांना विचारलं होतं, "सर, पुस्तकांची सूची करता येईल असं काही फुकट मिळतं का बघा की." ते शोधताना त्यांना एक पान सापडलं होतं. कॅनडातल्या कुठल्याशा शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी ते केलेलं होतं. शिक्षकांना आणि शाळांच्या ग्रंथपालांना उपयोगी पडतील अशा गोष्टी इंटरनेटवर कुठं कुठं आहेत, ते त्यात सांगितलं होतं आणि प्रत्येक नावाखाली बाईंनी स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहिल्या होत्या. हे वापरून बघा, हे आमच्या मुलांना आवडलं, हे फार हळू चालतं. अगदी खाली, ज्यांना कॉम्प्युटरचा पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी, असा एक छोटा भाग होता. तेव्हा बंडगर सर तो ओलांडून गेले होते. आता त्यांना तो आठवला. पुढच्या शनिवारी त्यांनी तो छापून घेतला आणि थेट मायाबाईंच्या घरी आले.

"बाई, थोडं वाचून दाखवू का?"

"दाखवा," मायाबाई म्हणाल्या. "आता सगळ्यांनी मला वाचूनच दाखवायचं."

बंडगर सरांनी वाचलं. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. टाइप केलेलं अक्षर ते लगेच उच्चारतं. ते वापरून न दिसणारी माणसं नोकऱ्या करतात.

"इंग्रजी बोलत असेल."

"हो."

"माझी पुस्तकं मराठी आहेत, सर."

"त्याला काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही," बंडगर सर म्हणाले.

दया दाखवायला आलेल्या माणसाला मायाबाईंनी कधीच वाटेला लावलं असतं. पण मला सुचलेलं नाही असं सांगणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते त्यांना कळेना. सोपान दारात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "बगूया तर खरं. न बगताच न्हाई कशाला म्हनायचं?"

सांगलीच्या त्या लाइनवर एवढं मोठं सॉफ्टवेअर उतरवून घेणं शक्य नव्हतं. बंडगर सरांनी पुण्यातल्या अंधांसाठी काम करणाऱ्या लोकांना ई-मेल लिहिला. उत्तर आलं, चाचणीची सीडी आहे, येऊन घेऊन जा. ते जाऊन घेऊन आले. चाचणीची असल्यामुळं ती चाळीस मिनिटं चालायची आणि मग आवाज बंद व्हायचा. पुन्हा हवा असेल तर कॉम्प्युटर बंद करून नव्यानं चालू करायचा.

मोहिते सरांनी रविवारी बसायची परवानगी दिली. "बसा. पण त्यातनं काही होईल अशी आशा लावू नका," ते बंडगर सरांना बाजूला घेऊन म्हणाले.

पहिल्या रविवारी त्या डबड्यातून आवाज आला तो नाक धरून बोलणाऱ्या साहेबासारखा. मायाबाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही. टायपिंग त्यांना येत नव्हतं. दुसऱ्या रविवारी सोपाननी एम-सीलचे बारीक ठिपके करून काही ठराविक कळांवर बसवले, म्हणजे बोटाला जागा कळावी. पाचसहा रविवार गेले. चुकीची कळ दाबली की साहेब चुकीचं अक्षर बोलायचा आणि मायाबाई दात आवळून परत मागं जायच्या. एकदा तर त्यांनी कळफलक ढकलून दिला. "मला नाही जमायचं हे. चाळिशीत पाटी घेऊन बसलेय." मग त्यांना वडलांची पाटी आठवली असावी. त्यांनी कळफलक परत पुढं ओढला.

मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून बघू या, हे त्यांनाच सुचलं. आधी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. माया, असं यंत्र व्यवस्थित म्हणालं. मग त्यांनी पुस्तक लिहिलं.

"पस्टॅक," यंत्र म्हणालं.

खोली झाडायला आलेल्या शालूबाई केरसुणी घेऊन दारातच थांबल्या. "ह्यो कुठला पावना म्हनायचा? लय बोबडं बोलतोय की!"

मायाबाई हसल्या. कित्येक महिन्यांत त्या हसल्या नव्हत्या. बंडगर सरांनाही हसू आवरेना.

त्या दिवसापासून त्या हट्टालाच पेटल्या. शब्द शुद्ध कसा लिहायचा हे सोडून द्यायचं. यंत्राच्या तोंडून बरोबर निघेल असा लिहायचा. कुंडल सरळ लिहिलं तर ते कंडल म्हणायचं. मग उकाराच्या जागी दोन ओ घातले तर ते कूंडल म्हणायचं, ते चालण्यासारखं होतं. पुस्तकासाठी त्यांनी चार तऱ्हा करून बघितल्या तेव्हा कुठं पाचवी बसली. ण आणि ळ काही केल्या त्याच्या तोंडी येईनात. शाळेला ते शाला म्हणायचं. "म्हणू दे," मायाबाई म्हणाल्या. "ळ मी माझ्या मनानं ऐकीन."

मग सूचीचं काम निघालं आणि त्यासाठी कॉम्प्युटर ग्रंथालयात हलवला. सोपान मांडणीवरून एकेक पुस्तक काढायचे, नाव, लेखक आणि जागा सांगायचे आणि मायाबाई टाइप करायच्या. पुष्कळशी नावं त्यांना पुस्तक हातात घेतल्यावर नुसत्या जाडीवरून आणि पुठ्ठ्यावरून ओळखता यायची. मधेच सोपान गप्प व्हायचे.

"काय झालं?"

"काय न्हाई. पयलं पान बगत हुतो."

"मोठ्यानं बघा."

मग सोपान खाकरून पहिलं पान वाचायचे. सातवीनंतर त्यांनी पुस्तक असं हातात धरलंच नव्हतं. ते अडखळत वाचायचे आणि मायाबाई कळांवरची बोटं तशीच ठेवून ऐकायच्या. कधी कधी चाळीस मिनिटं तशीच उलटून यंत्र गप्प व्हायचं, पण दोघांच्याही लक्षात यायचं नाही.

हे चालू असतानाच डोळ्यांपुढचा उरलासुरला उजेडही आटत चालला होता. एप्रिलच्या अखेरीस एका सकाळी मायाबाईंनी सोपानना विचारलं, "दिवस उगवला का?" अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. सोपान म्हणाले, "व्हय, उगावला." आणि त्यांचा हात धरून उन्हात आणून बसवलं. त्या दिवशी सोपान कामावर गेले नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मायाबाईंच्या नोकरीचं काय करायचं म्हणून संस्थेची बैठक बसली. पुण्याच्या लोकांनी बंडगर सरांना ई-मेलनं पंच्याण्णव सालच्या अपंगांच्या कायद्यातलं एक कलम पाठवलं होतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढून टाकता येत नाही, असं त्यात होतं. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला तसा एक सभासद उसळला. "आम्हाला कायदा शिकवता?"

"कायदा थोडा वेळ बाजूला राहू द्या," मायाबाई म्हणाल्या. "आधी माझं काम तरी बघा."

कॉम्प्युटर ग्रंथालयातच होता. सभासदांनी पुस्तकांची नावं विचारायची आणि त्यांनी सूचीत शोधून आणून द्यायची, असं ठरलं. यंत्र बोललं, त्या उठल्या, मांडणीला हात लावत गेल्या आणि पुस्तक घेऊन आल्या. दुसरंही आणलं. तिसऱ्या वेळी त्यांनी जे आणलं ते भलतंच होतं. सभासदांनी एकमेकांकडं बघितलं. मायाबाईंनी हातातल्या पुस्तकाची कड चाचपली.

"हे ते नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी चुकीच्या जागी ठेवलंय. डोळे होते तेव्हाही असं व्हायचं. तेव्हा मला शोधायला थोडा वेळ लागायचा, आता जास्त लागेल."

मग मोहिते सरांनी विचारलं, "आणि कुलूप, बाई?"

हा प्रश्न येणार हे मायाबाईंना माहीत होतं आणि याचंच उत्तर त्यांनी सगळा उन्हाळा शोधलं होतं.

"तेव्हा मी बघून कुलूप लावत होते, आणि बघण्यावर माझा विश्वास होता. तो चुकीचा होता. आता मी दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत प्रत्येक मांडणीच्या दोन्ही बाजूंनी हात लावत जाईन आणि मगच बाहेर येईन. एवढं करूनही तुम्हाला धीर होत नसेल, तर त्याचा मला राग नाही."

त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. बराच वेळ आत बोलणं चाललं होतं. शेवटी मोहिते सर स्वतः बाहेर आले. मायाबाईंना कामावर ठेवायचं ठरलं होतं. रजिस्टर कारकून लिहिणार होता आणि कुलूप शालूबाई लावणार होत्या.

"किल्ली देता आली नाही, बाई," सर म्हणाले.

"समजलं, सर."

घरी जाताना सोपान आनंदात होते. नोकरी राहिली याचं मायाबाईंनाही समाधान होतंच. पण ज्या खोलीतल्या कपाटांची कुलपं त्यांनीच एके काळी काढवली होती, त्याच खोलीची किल्ली आता त्यांच्या हाती द्यायची नाही, हे त्यांना लागलं ते लागलंच. पुढं कधी त्यांनी ती मागितली नाही.

जुलैत एके दिवशी मधल्या सुट्टीत धुळा कोळेकर दारात येऊन उभा राहिला. बरोबर स्वप्नाली होती. जानेवारीपासून तिनं या खोलीत पाय टाकला नव्हता.

"बाई, पोर आत यायला भेतीया," धुळा म्हणाला. "वाचायचं तर लय याड हाय तिला. तुमीच न्या."

मायाबाईंनी हात पुढं केला. थोड्या वेळानं त्यात एक छोटा हात आला. दोघी मांडण्यांच्या कडेकडेनं शेवटच्या भिंतीपर्यंत गेल्या. तिथं स्वप्नाली हळूच म्हणाली, "मला तुमची हाक ऐकूच आली न्हवती."

"मला माहीत आहे ते. आणि मला तू दिसली नव्हतीस. माझं चुकलं, बाळा. डोळ्यांचं आधीच सांगायला पाहिजे होतं मी."

पोरगी बापाबरोबर परत गेली तेव्हा तिच्या हातात पुस्तक होतं.

पावसाळा सरता सरता मायाबाईंनी कॅनडातल्या त्या ग्रंथपाल बाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं. तुमच्या पानाच्या तळाशी असलेल्या चार ओळींमुळं मी कामावर आहे, एवढंच. बंडगर सरांनी ते सांगलीहून पाठवलं. उत्तर पुष्कळ दिवसांनी आलं, दुसऱ्याच कुणाचं. त्या बाई मागच्या हिवाळ्यात वारल्या होत्या. शाळेनं त्यांचं पान काढून टाकलं नव्हतं, कारण ते वापरणारी माणसं अजून पत्रं पाठवत होती.

यंत्रानं हे सगळं त्याच्या नेहमीच्या सपाट आवाजात वाचलं. मायाबाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. म्हणजे बंडगर सरांनी पहिल्यांदा ते पान त्यांच्या घरी आणलं तेव्हा ती बाई जिवंत होती की नव्हती, कोण जाणे.

"सर," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आपणही एक पान लिहायचं."

"कशाचं?"

"हेच. मराठी शिक्षकांनी हे यंत्र कसं वापरायचं. कुठला शब्द कसा लिहिला म्हणजे त्याच्या तोंडून बरोबर येतो. पुण्याच्या लोकांचा पत्ता. ते कलमही घाला. फार नाही लिहायचं. जे करून बघितलंय तेवढंच."

देवनागरी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर धड दिसायची नाहीत, म्हणून त्यांनी ते इंग्रजी अक्षरांतल्या मराठीतच लिहिलं. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला ते यंत्राकडूनच ऐकता यावं. एका फुकट जागा देणाऱ्या साइटवर बंडगर सरांनी ते लावलं. दोन महिने त्याकडं कुणी फिरकल्याचं कळलं नाही. मग डिसेंबरात साताऱ्याहून एका शिक्षकाचा ई-मेल आला. दहिवडीकडचे कोंडीबा गुरुजी, प्राथमिक शाळेतले, त्यांची नजर मधुमेहानं गेली आहे, त्यांना पाठवू का?

कोंडीबा गुरुजी बायकोला, भामाबाईंना घेऊन आले. पटक्याचा शेव नीटनेटका, हातात काठी, आवाज वर्गात शिकवणाऱ्याचा. आष्ट्यात त्यांचा पाहुणा होता, त्याच्याकडं ते आठवडाभर राहणार होते. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"बाई, वाचायला मिळंल का खरंच?"

मायाबाईंनी थोडा विचार केला. "पुस्तकं नाही, गुरुजी. मराठी पुस्तक अजून याला वाचता येत नाही, कधी येईल ते मला माहीत नाही. आपण जे यात लिहू, किंवा दुसऱ्यानं आपल्यासाठी लिहिलं असेल, तेवढंच वाचतं."

"म्हंजे पयल्यासारखं न्हाई."

"नाही. पहिल्यासारखं नाही."

गुरुजींनी मान हलवली. खोटं न सांगितल्यामुळं त्यांना बरंच वाटलं असावं, कारण त्यांनी काठी भामाबाईंकडं दिली आणि दोन्ही हात पुढं केले. मायाबाईंनी त्यांची बोटं एकेक करून कळांवर ठेवली.

आठवडाभर ते रोज आले. चिडले, दमले, एक दिवस तर उठून व्हरांड्यात जाऊन बसले. भामाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या शालूबाईंच्या शेजारी बसून यंत्राचं बोलणं ऐकायच्या आणि ते चुकलं की नवऱ्याआधी त्यांनाच कळायचं. शेवटच्या दिवशी गुरुजींनी त्यांच्या चौथीच्या वर्गाला अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. मी बरा आहे, रजा संपली की येणार आहे, पाढे पाठ करून ठेवा. ते त्यांनी यंत्राकडून दोनदा वाचून घेतलं आणि एका ठिकाणी दुरुस्त केलं. बंडगर सरांनी ते छापून दिलं आणि भामाबाईंनी घडी घालून पिशवीत ठेवलं.

कराडकडं जाणारी एसटी फाट्यावर आली तेव्हा मायाबाई शालूबाईंचा हात धरून उभ्या होत्या. गुरुजी आणि भामाबाई चढले, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आवाज लांब गेला.

"चला बाई," शालूबाई म्हणाल्या. "आठवीचा लायब्ररीचा तास हाय."

"चला," मायाबाई म्हणाल्या, आणि दोघी शाळेकडं वळल्या.